कढईजवळची इंग्रजी

आमच्या गावात फौजेतल्या कुणालाही मेजरच म्हणतात. शिपाई असो, स्वयंपाकी असो, गाडीवरचा ड्रायव्हर असो, एकदा का अंगावर हिरवे कपडे चढले की आमच्या तालुक्यातल्या गोरेगावहून येणाऱ्या जीपमधून माणूस उतरतो तो मेजर होऊनच. आमचे हे भरती झाले तेव्हा नुसते शिपाई होते. ट्रेनिंगच्या बुटांनी टाचा सोललेल्या, डोक्यावर केस नाहीत, दंडावर एक फीत नाही. पण पहिल्या सुट्टीला आले तर फाट्यावर हलगी वाजत होती आणि माझे सासरे येईल त्याला सांगत होते, "आपलं पोरगं मेजर झालं."

माझ्या वडलांनी सोयरीक करताना चौकशी केली नाही असं नाही. वसमतहून मुद्दाम एक फेरी मारली, पारावर बसलेल्यांना विचारलं, "मुलगा मेजर आहे म्हणे?" सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय तर! मेजरच हाय." झालं. वडील घरी येऊन आईला म्हणाले, "नशीब काढलं पोरीनं." लग्नानंतर अंगावरची हळद उतरायच्या आत मला कळलं की नशिबातून निघालाय तो शिपाई.

आता फसवलं म्हणावं तर कुणी खोटं बोललं नव्हतं. गावाच्या लेखी तो मेजरच होता. आणि माणूसही वाईट नव्हता. उंचापुरा, कमी बोलणारा, जेवताना मीठ कमी पडलं तरी मागून न घेणारा. मला राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन बसले होते. इंग्रजी घेतलेल्या आम्ही मोजक्याच पोरी. "लग्नानंतर तिसरं वर्ष करू द्यू की, त्यात काय?" असं बैठकीत बोलणं झालं होतं. पण सासरहून कॉलेज किती लांब, जीप किती वाजता, सासूबाईंची पाठ कधी धरते, यात ते बोलणं कुठं वाहून गेलं ते कुणाला कळलंही नाही. मला कळलं. मी भांडी जरा जोरात आपटू लागले.

आज हे रिटायर होऊन घरी बसलेत. भल्या सकाळी गावातली भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्यावर पळून येतात, घामानं निथळत आमच्या अंगणात टेकतात, तांब्याभर पाणी पितात आणि एकच प्रश्न विचारतात, "मेजरसाहेब, आधी डिग्री करावी का आधी भरती व्हावं? पुढं जायला काय कामाला येतं?"

हे म्हणतात, "आधी भरती व्हा. वर बर्फात जाऊन या. वर गेल्याबिगर फौज कळत न्हाई अन् फौजेला तुमी कळत न्हाई."

मी आतून ओरडते, "आधी कॉलेज! पुस्तकाला वय आडवं येतं. पहाड काय पळून जातोय होय?"

पोरं एकदा दाराकडं बघतात, एकदा यांच्याकडं. मागं एक जण उठता उठता म्हणाला, "काकू, तुमचं दोघांचं ठरलं की निरोप द्या, आमी परत येतो." त्याला काय माहीत, आमचं वीस वर्षं ठरतंच आहे आणि अजून ठरलेलं नाही.

भांडणाचं मूळ एका सुट्टीत आहे. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. हे सुट्टीवर आले होते, ओसरीत जेवायला बसले होते आणि पाणी मागावं इतक्या सहज म्हणाले, "आमच्याकडं एक परीक्षा असते. बारावी झालेल्या जवानाला देता येते. पास झालं, पुढं इंटरव्ह्यू निघाला, तर अकॅडमीत पाठवतेत. तिथून बाहेर पडला की डायरेक्ट अधिकारी. लेफ्टनंट."

मी भाकर तव्यावर तशीच टाकून बाहेर आले. "मग? तुमी काहून देत न्हाई?"

"वयाची अट हाय. सत्ताविसाच्या आत. मला आता हे एकच साल उरलं."

"म्हणून तर विचारते, काहून देत न्हाई?"

"इंग्रजी," ते म्हणाले, आणि मान खाली घालून वरण कालवू लागले.

तव्यावर भाकर जळाली. सासूबाई काय काय बोलल्या, मला एक शब्द ऐकू आला नाही. पळण्यात हा माणूस पुढे, निशाणा पक्का, नकाशा वाचण्यात पटाईत, आणि अडलंय कुठं, तर इंग्रजीत! आणि इंग्रजी तर माझ्याकडं पडून होती, वापराविना, पेटीतल्या शालूसारखी. मी त्या दिवशी ठरवूनच टाकलं. पेपर त्यांना द्यायचा होता, पण अभ्यास माझा होता. माझं राहिलेलं तिसरं वर्ष मी यांच्या पेपरातून पास होणार होते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

आमच्याकडं माघ-फाल्गुनात हळद निघते. खणून काढलेली ओली हळद मोठ्या लोखंडी कढईत घालायची, पाणी सोडायचं, वरून हळदीचाच पाला आणि भिजवलेली पोती दाबायची, आणि खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ. एक कढई उतरली की दुसरी चढते, दिवसभर चूल विझत नाही. युनिटमधली पोरं दिवाळीची सुट्टी मागतात, आमचे हे हळदीची मागायचे. त्यामुळं शाळा भरली ती कढईपाशीच. जाळ घालायचं काम यांचं, शिकवायचं माझं.

पुस्तक मी माहेराहून आणलं होतं. पण त्यात कुण्या साहेबाची बाग, बागेत गुलाब, गुलाबाला पाणी घालणारा माळी. यांच्या डोक्यात तो माळी काही शिरेना. दोन दिवस मी गोड बोलले, तिसऱ्या दिवशी माझा मूळ स्वभाव वर आला. म्हटलं, "मरू द्या तो गुलाब! समोर काय हाय?"

"हळद."

"काय होतंय तिचं?"

"शिजून राहिली."

"मग म्हणा, द टर्मरिक इज बॉयलिंग."

डोळे बांधून रायफल खोलणारा आणि जोडणारा माणूस, पण 'टर्मरिक' म्हणता म्हणता त्याची जीभ तीन ठिकाणी अडखळली. मी हसले नाही. खरं म्हणजे हसले, पण पदर लावून. संध्याकाळपर्यंत मात्र वाक्य बसलं. दुसऱ्या दिवशी 'सकाळपासून शिजते आहे', तिसऱ्या दिवशी 'काल शिजत होती', मग 'उद्या शिजेल'. काळ, क्रियापद, होकार, नकार, सगळं व्याकरण मी त्या एका कढईतून काढलं. जाळ कमी झाला की इंग्रजीत, पाला सरकला की इंग्रजीत. 'फायर', 'वॉटर', 'लीव्हज', 'स्मोक'. शेजारच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन जाता जाता थांबायच्या. "काय वं, मेजरीणबाई मेजरला शिकवून राहिली!" म्हणून तोंडाला पदर लावायच्या. लावू देत. मला कुणाची फिकीर नव्हती.

खरं सांगू? त्या हळदीच्या वाफेचा वास आजही नाकात आला की मला घर आठवत नाही, शेत आठवत नाही, मला मी आठवते. गुडघ्यावर पुस्तक, हातात छडी म्हणून एक तुराटी, आणि समोर घामाघूम झालेला एक शहाणा विद्यार्थी, जो चुकला की आपणहून हात पुढे करायचा. उभ्या संसारात तेवढेच दिवस मी मास्तरीण होते. फार सुखाचे दिवस होते ते.

त्यातच एक दिवस मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं, "सूनबाई, एवढं घोकून घोकून हा होणार काय?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "लेफ्टनंट."

"बरं. लेफ्टनंट म्हंजी मेजरच्या वर का खाली?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण खोटं बोलायची सवय नाही. म्हटलं, "खाली."

मामंजींचा चेहराच उतरला. "अन् तू माझ्या लेकराला खाली उतरवायला शिकवून राहिलीस? काहून? काय वाकडं केलं त्यानं तुझं?"

मी समजावलं. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार, मग पलीकडं ते अधिकारी, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, असं बोटं मोजून सांगितलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सरकारचं झालं. गावाचं काय? गावानं त्याला मेजर केलंय. आता लेफ्टनंट झाला तर लोक काय म्हणतील?" दुसऱ्या दिवशी पारावरून दोन म्हातारे मुद्दाम घरी आले आणि यांना धीर देऊन गेले, "तकलीफ करून घिऊ नको बापा. नोकरीत वरखाली व्हतच असतं." हे इतके हसले की हातातली पऱ्हाटी चुलीऐवजी पाण्यात गेली. मी मात्र रागानं लाल झाले होते.

शेवटचा धडा मला नीट आठवतो. हळद शिजली की नाही हे मामंजी काडीनं बघायचे. बारीक काडी हळकुंडात खुपसायची. आरपार गेली तर शिजली, अडली तर नाही. त्या दिवशी यांनी घाई केली, काडी पुरती गेली नसताना जाळ ओढायला निघाले. मामंजी खेकसले, "थांब की! लवकर काढली तर कच्ची राहील. मंग कितीबी वाळव, रंग धरत न्हाई."

मी लगेच म्हटलं, "याचं इंग्रजी करा."

अख्खी दुपार गेली, पण झालं. इफ यू टेक इट आउट अर्ली, इट विल रिमेन रॉ. एवढं लांब वाक्य यांच्या तोंडून एका दमात पहिल्यांदाच बाहेर पडलं. मला इतका आनंद झाला की म्हटलं, "बास आजच्याला. आता शिजली, आता काढा, हे उद्या घेऊ." आणि पुस्तक मिटलं.

उद्या काही आला नाही. त्याच संध्याकाळी गोरेगावच्या फोन-बूथवरून पोरगा सायकल मारत निरोप घेऊन आला. युनिट वर बर्फात जाणार होतं, सुट्टी रद्द, ताबडतोब हजर. सकाळच्या पहिल्या जीपनं हे गेले. जाताना पुस्तक सोबत घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, "ठेव. तोंडपाठ हाय."

काही दिवसांनी बूथवर बोलावणं आलं. मी जीपला लटकून गोरेगाव गाठलं. यांचा आवाज लांबून, खरखरत आला. म्हणाले, "कमांडिंग साहेबानं बोलावून विचारलं. म्हणाले, तुझं परीक्षेचं शेवटचं साल आहे. मागे जी थोडी माणसं थांबणार त्यांच्यात थांब, अभ्यास कर, पेपर दे. न्हाई तर सगळ्यांसोबत वर चल. तू ठरव."

"मग? थांबले ना?"

खरखर वाढली म्हणून मी ओरडून विचारलं,

"थांबले ना तुमी?"

"मी वर जायला नाव दिलं."

मला वाटलं बूथची काच माझ्यावर येते की काय. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माझ्या सेक्शनची सगळी पोरं चालली. त्यातली निम्मी मी शिकवलेली. मी खाली बसून इंग्रजी घोकू अन् ते वर जाऊ देत? उद्या खांद्यावर तारे लावून त्यांच्यापुढं उभा राहिलो तर कोणत्या तोंडानं हुकूम देऊ? ज्यानं वरचा बर्फ बघितला न्हाई त्याचं कोन ऐकतं तिथं?"

"सगळे ऐकतेत! ताऱ्याचं सगळे ऐकतेत! अन् वय? वय थांबणार हाय का तुमच्यासाठी? पुढच्या साली कोन बसू देणार तुमाला?"

"न्हाई देणार. माहीत हाय."

"मग?"

त्या माणसानं, माझ्याच विद्यार्थ्यानं, हळू, एकही शब्द न चुकता म्हटलं, "इफ यू टेक इट आउट अर्ली, इट विल रिमेन रॉ."

मी फोन आदळला. बूथवाला म्हणाला, "वहिनी, फोनचं काय चुकलं?"

घरी आले आणि पुस्तक चुलीत घालायला निघाले. सासूबाईंनी हातातून काढून घेतलं. "विद्या हाय, जाळू न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. मी रडले नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात इंग्रजी हा शब्द काढायची सोय राहिली नाही. कुणी काढलाच, तर त्याला त्या दिवशी भाजी अळणी मिळायची.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते फौजीच्या बायकांना सांगावं लागत नाही. राग होता आणि रागाच्या खाली भीती होती. रेडिओवर बर्फाची बातमी लागली की हात थांबायचे. बाई, माणूस धड परत येऊ दे, त्याला शिपाईच राहू दे, असं गावच्या देवीपुढं म्हणायचे, आणि पायरी उतरताना परत राग यायचा, की खाली थांबला असता तर हे म्हणायची वेळच आली नसती. हे परत आले तेव्हा रंग कोळशासारखा झाला होता आणि डाव्या पायाची दोन बोटं बधिर झाली होती. ती अजून बधिरच आहेत. दंडावर मात्र नाईकाच्या दोन फिती होत्या.

परीक्षेचं वय गेलं ते गेलं. पण वरच्या त्या दिवसांचं वजन पडलं म्हणायला हवं. पुढं हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, एकेक पायरी चढत गेले. बरोबरीचे मागे राहिले, हे पुढे गेले. मी ज्या क्वार्टरमध्ये राहिले तिथं जवानांची पोरं यांना बघून नीट उभी राहायची. मला अभिमान वाटायचा, का खोटं बोलू? पण अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवरून जाताना मान आपोआप वळायची. ती मी कधी सरळ करू शकले नाही.

रिटायर होण्याच्या तोंडावर सव्वीस जानेवारीला यांना मानद लेफ्टनंट केलं. पुष्कळ वर्षं चांगली नोकरी केलेल्या सुभेदाराला जाता जाता असा मान देतात. खांद्यावर दोन तारे आले. मी ते तारे हातानं चाचपून बघितले. हवे होते तेव्हा आले नाहीत, आले ते घरी जायच्या वाटेवर.

गावात सत्कार झाला. सेनगावहून छापून आणलेला बॅनर वेशीत लावला होता, 'मेजर साहेबांचे हार्दिक स्वागत'. भाषणात कुण्या शिकलेल्या पोरानं 'लेफ्टनंट' म्हटलं आणि घोळ झाला. मामंजी आता पुरते थकलेत, काठीशिवाय उठत नाहीत, पण त्या दिवशी काठी टेकत मंडपात उभे राहिले. "एवढी वर्षं मेजर ठेवलं अन् घरी पाठवताना लेफ्टनंट? काय गुन्हा केला रं तू?" मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

त्यानंतर फाल्गुनात एक पाहुणा आला.

आता सगळीकडं वाफेचे कुकर आलेत, हळद घटकाभरात शिजते. पण घरच्या खाण्यापुरती आम्ही अजून कढईतच शिजवतो, कारण मामंजींना कुकरची हळद हळद वाटत नाही. सकाळपासून चूल पेटलेली होती. पारावरून एक जण धावत आला, "मेजर, कोन तरी आलाय. गावभर लेफ्टनंटचं घर विचारून राहिला. आमी म्हटलं, इथं लेफ्टनंट-बिफ्टनंट कोन न्हाई, मेजर राहतेत. तर म्हणतो, मेजर तो मैं हूँ! मग म्हटलं, तुमीबी मेजर? बसा की, च्या घ्या."

मागोमाग तो आलाच. चाळिशीचा, साधे कपडे, राजस्थानकडचा. आणि तो खराखुरा मेजर होता, सरकारनं केलेला. यांना बघून त्यानं असा कडक सॅल्यूट ठोकला की मामंजींची काठी पडली. हे म्हणाले, "अहो साहेब, आता तुम्ही मोठे, सॅल्यूट मी करायचा." तो म्हणाला, "उस्ताद, इस गाँव के मेजर तो आप ही हैं. मुझे पार पर समझा दिया गया है."

मग तो माझ्याकडं वळला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, आप को मैं बीस साल से जानता हूँ."

मी यांच्याकडं बघितलं. हे जाळाकडं बघत होते.

त्यानं सांगितलं ते असं. वर बर्फात तो यांच्याच हाताखाली होता, नवा, मिसरूड फुटलेला शिपाई. वादळ आलं की दिवसच्या दिवस तंबूबाहेर पडता यायचं नाही. माणसं गप्प होतात तिथं, त्यानं म्हटलं, आणि गप्प माणूस वर टिकत नाही. म्हणून हे सगळ्यांना गोल बसवायचे आणि इंग्रजी शिकवायचे. पुस्तक नव्हतं. स्टोव्हवर बर्फ वितळत ठेवलेलं भांडं मधे, तीच त्यांची कढई. 'द टर्मरिक इज बॉयलिंग.' सगळी पोरं एका सुरात. काल शिजत होती, उद्या शिजेल, जाळ कमी झाला, पाला सरकला. चुकला की हात पुढे करायचा. कुणी विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणायचे, घरी आमच्या मॅडम आहेत.

"नीचे आकर मैंने वही इम्तिहान दिया. दो बार फेल. आख़िरी चान्स में निकला. इंटरव्यू में बोले, किसी भी चीज़ पर अंग्रेज़ी में बोलो. मैं हल्दी पर बोला. मैडम, मैंने हल्दी का पौधा तक नहीं देखा था!" तो हसायला लागला. "बोलते बोलते आया, इफ यू टेक इट आउट अर्ली, इट विल रिमेन रॉ. साहब ने पूछा, फिर? उसके बाद? मुझे मालूम ही नहीं था. ऊपर हम उस्ताद से रोज़ पूछते थे, आगे क्या होता है. उस्ताद कहते थे, मैडम ने यहीं तक पढ़ाया है."

मी यांच्याकडं वळले. "तुमी पुढचं का न्हाई सांगितलं त्यांना? तुमाला माहीत न्हवतं होय, शिजली की काढतेत?"

"हिंदीत सांगितलं असतं," हे म्हणाले. "इंग्रजीत तू शिकवलं न्हवतं. मनानं काहून सांगू?"

"अन् मला कधी बोलले न्हाई हे!"

"इंग्रजीचं नाव काढायची सोय कुठं व्हती या घरात?"

तोवर भरतीची पोरं जमली होतीच. त्यांनी लगेच खऱ्या मेजरला गाठलं, "सर, आधी डिग्री का आधी भरती?" हे म्हणाले, "बघा, आधी वर गेला, मग झाला." मी म्हटलं, "बघा, पेपर दिला म्हणून झाला!" तो पाहुणा दोघांकडं बघून म्हणाला, "पहले हल्दी देखने दो."

मामंजींनी काडी पुढं केली. मी ती पाहुण्याच्या हातात दिली. त्यानं पोतं सरकवलं, वाफ अंगावर आली, एक हळकुंड वर घेतलं आणि काडी खुपसली. काडी लोण्यातून जावी तशी आरपार गेली. तो काडी तशीच धरून उभा राहिला आणि माझ्याकडं बघू लागला. हेही बघू लागले. पोरं, मामंजी, सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत तोंडून इंग्रजीचा शब्द काढला नव्हता, जीभ जड झाली होती. पण मोठ्यानं म्हटलं, "इट इज डन. नाऊ टेक इट आउट."

"इट इज डन," तो मेजर म्हणाला. "नाऊ टेक इट आउट."

त्याच्या मागून, जरा उशिरा, जरा अडखळत, आमच्या ह्यांनी म्हटलं. आणि मी रडले. धूर गेला डोळ्यांत, असं काही सांगणार नाही. सगळ्यांसमोर उभी राहून रडले.

हे जाळ ओढायला खाली वाकले. वाकता वाकता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "झालं की गं तुझं तिसरं वर्ष."

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले, पाटी घेतली आणि हळद काढायला लागले.